अकोल्यातलं मस्कत

किशोर मस्कतला गेला, हे अमरावतीच्या सगळ्या राजापेठेला माहीत होतं. गेला नव्हता, हे फक्त चौघांना माहीत होतं. त्या चौघांत रागिणी एकटीच अशी, की जिला ते छतावर चढून ओरडून सांगावंसं वाटायचं. कारण मस्कतला गेलेला तिचा धाकटा भाऊ अकोल्यात, जठारपेठेत, तिच्याच घरी आतल्या खोलीत बनियनवर बसून पोहे खात होता. वरून शेंगदाणे कमी पडले म्हणत होता.

किशोर माणूस वाईट नव्हे. तेहतीस वर्षांचा धडधाकट गडी, हाताला यश असलेला. बारावीनंतर कॉलेज काही त्याच्या अंगाला लागलं नाही, म्हणून अमरावतीत घराजवळच्या देवराव मिस्तरीच्या दुकानात तो कूलर दुरुस्त करायला जाऊ लागला. कूलरवरून फ्रीज, फ्रीजवरून एसी, आणि मग संत्री ठेवायच्या कोल्ड स्टोरेजची दांडगी यंत्रं. यंत्र बंद पडलं की हा खुलायचा. माणसासमोर मात्र ह्याचाच कंप्रेसर बसायचा. त्यातून समोर बाप असला तर विचारूच नका. बापापुढे किशोरच्या तोंडून ‘हो बाबा’ निघायचं, आणि अगदी कडकडून विरोध करायचा असला तर ‘बरं बाबा’.

बाप म्हणजे पंजाबराव. अंजनगाव सुर्जीकडे काळ्या मातीची शेती, ती मक्त्यानं दिलेली, राहणं अमरावतीला, आणि मुख्य धंदा म्हणजे मान. कुणाचं लग्न असो, तेरवी असो, शाळेचं गॅदरिंग असो, पांढरी टोपी घालून पहिल्या रांगेतली खुर्ची धरायची. नाव घेतलं नाही तर चार दिवस जेवण गोड लागायचं नाही. बायको गेल्यावर तर ह्या कामाला त्यांना दिवस मोकळाच मिळाला. अशा माणसाच्या पोटी मिस्तरी निघावा! पोरीवाले यायचे, चहा घ्यायचे, ‘मुलगा काय करतो’ विचारायचे, आणि ‘कूलर’ हा शब्द ऐकला की अर्धा कप तसाच ठेवून उठायचे. पंजाबराव मग आठवडाभर देवरावला शिव्या घालायचे. त्या भल्या माणसानं पोराला भाकरी कमवायला शिकवलं, हाच त्याचा गुन्हा.

मग ह्या उन्हाळ्यात मस्कतच्या एका फळांच्या गोदामात किशोरला नोकरी लागली, आणि पंजाबरावांच्या टोपीला एकदम कडक इस्त्री आली. ‘मिस्तरी’ हा शब्द घरातून हद्दपार झाला. पोरगा आता ‘तिकडे साहेब’ होता. दर्यापूरचं एक स्थळ, जे मागच्या वर्षी चहा टाकून उठलं होतं, ते आपण होऊन फोन करू लागलं.

फक्त व्हिसा यायचा होता. मुंबईचा एजंट म्हणाला, आठ दिवसांत येतोच. तेवढ्यात अधिक महिना लागणार होता.

“धोंड्याच्या महिन्यात पोट्ट्याले निरोप द्याचा काय?” पंजाबराव म्हणाले. “शुभकार्य होये ते. सगळं आधी उरकून टाकू.”

आणि उरकलं की! व्हिसा आला नाही, पण निरोप सुरू झाला. आज ह्या काकाकडे पुरणपोळी, उद्या त्या मावशीकडे पाटवडीचा रस्सा, परवा भाऊबंदांचे रोडगे. प्रत्येक घरी जेवण, वर टोपी-दुपट्टा, वर भाषण. चौकात फ्लेक्स लागलं. त्याच्यावर किशोरचा फोटो पासपोर्टवरचा, आणि पंजाबरावांचा त्याच्या दुप्पट. एका निवृत्त गुरुजींनी वऱ्हाडचा झेंडा सातासमुद्रापार नेल्याबद्दल किशोरला मिठी मारली. किशोरला त्या वेळी अपचनानं उभं राहवत नव्हतं, त्यामुळे त्याचे डोळे भरून आले असं सगळ्यांना वाटलं.

एकट्या देवरावनं विचारलं, “अबे, व्हिसा हातात आला काय?”

“देवराव, शुभ बोल,” पंजाबराव कडाडले. “तुले पाहवत नसन तर घरी बस.”

देवराव घरी बसला नाही. बडनेरा स्टेशनवर बँड वाजत असताना, बाकी सगळे फोटोत घुसत असताना, किशोरची भली मोठी बॅग त्यानंच डब्यात चढवली. साठी उलटलेला माणूस, धापा टाकत होता. “पोचला की फोन करजो,” एवढं म्हणाला आणि गर्दीत मागं झाला.

मुंबईत एजंटानं किशोरला पाणी पाजलं आणि सांगितलं, की कंपनीची मंजुरी अडकली आहे. महिना लागेल, दीडही लागेल. किशोरनं घरी फोन केला. पंजाबराव जे बोलले ते बापानं बोलावं असं नव्हतं.

“इकडं येऊ नको. तोंड दाखवू नको कोनाले. अकोल्याले उतर, रागिणीकडे जाय. व्हिसा आला की तिकडूनच निंघ.”

“बरं बाबा,” किशोर म्हणाला.

परतीची गाडी बडनेऱ्याला गेली, पण किशोर अकोल्यालाच उतरला. असं ते मस्कत जठारपेठेत आलं.

रागिणीनं दार उघडलं तेव्हा तिला आधी आनंद झाला. मग सगळी हकीकत ऐकली आणि कपाळावर हात मारून घेतला. “बाप्पा बाप्पा! म्हंजे आता मी भाऊ लपवून ठेवू घरात? काय खून करून आला काय तू?”

“बाबा म्हनाले…”

“बाबा म्हनाले! बाबा म्हनाले का हिरीत उडी टाक, तर इचारशीन, कोन्त्या हिरीत?”

रागिणीचा नवरा गोपाल शांत माणूस, खाली त्याचं झेरॉक्सचं दुकान. त्यानं फक्त एवढंच विचारलं, “जेवन किती दिवसाचं?” आणि खाली निघून गेला.

मग सुरू झाले ते दिवस. पडदे ओढलेले, किशोरची चप्पल पलंगाखाली, वाळत घातलेल्या कपड्यांत त्याची पँट नको. समोरच्या माणिकबाईंचं नाक फार लांब. एकदा जिन्यातच त्यांनी गाठलं.

“काहो रागिणीताई, दुपारी कोन खोकलून राह्यलं होतं?”

“आमचे हे.”

“पन ते तर मले दुकानात दिसले.”

“मंग मीच असीन,” रागिणी म्हणाली आणि त्यांच्या तोंडावर दोनदा खोकून दाखवलं.

तेही किशोरच्याच करणीनं झालं होतं. बसून बसून कंटाळला म्हणून त्यानं तिचा कूलर असा काही दुरुस्त केला, की आवाजच बंद. आधी खडखडाटात सगळं झाकून जायचं; आता ह्यानं जांभई दिली तरी जिन्यात ऐकू जायची. रागिणीला हसावं की बदडावं कळेना.

आणि संध्याकाळी पंजाबरावांचा फोन. घरी पाहुणे बसले की त्यांना हटकून मुलाची आठवण यायची. फोन स्पीकरवर, आवाज चढवलेला, जणू मस्कतपर्यंत तारेशिवायच पोचवायचा आहे.

“काय रे किशोर, ऊन कसं हाय तिकडं?”

“पंचेचाळीस हाय, बाबा.”

ह्यात एक अक्षर खोटं नव्हतं. अकोल्यात मेअखेर पंचेचाळीसच असतं. पण तिकडे पाहुणे ‘बापरे’ म्हणायचे, पंजाबराव कौतुकानं हसायचे, आणि रागिणीचं डोकं तापायचं. पाय पोळतात म्हणून गच्चीत न जाणारा हा घोडा, आणि त्याचं कौतुक वाळवंटात घाम गाळतो म्हणून! बापाची तिला चीड यायची, भावाची कीव यायची, आणि कीव संपली की पुन्हा चीड.

सगळ्यांना फसवणं सोपं गेलं, कारण सगळ्यांना फसायचंच होतं. अवघड गेलं ते देवरावचं. तो रोज दुपारी दुकानात डबा खाताना फोन करायचा. त्याला ना पगाराशी देणंघेणं, ना साहेबाशी.

“मशीन कोन्ती हाय रे तिथं? गॅस कोन्ता वापरते?”

किशोर आयुष्यात कधी अडखळला नसेल असा ह्याच प्रश्नाला अडखळायचा. बाकी कुणाला काहीही ठोकून दिलं असतं. ज्यानं पाना धरायला शिकवलं त्याला काय ठोकणार? “हे… मोठी हाय काका. नवीन हाय.”

“बरं बरं. कामात असशीन. ठेवतो,” देवराव स्वतःच त्याला सोडवायचा.

एकदा त्यानं रागिणीलाच फोन लावला. “पोरी, तो आवाज बारीक करून बोलते वो. जेवते ना बरोबर? मले सांगनार नाई, तुले सांगत असन.”

समोर किशोर आंब्याची कोय चोखत बसला होता. “बरा हाय काका,” रागिणी म्हणाली. “चांगला जेवते.” फोन ठेवला आणि किशोरच्या हातातली कोय हिसकून कचऱ्यात टाकली.

मग दोन दिवस देवरावचा फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो त्याच्या बायकोचा, सत्यभामाबाईंचा. उन्हात कुणाचा तरी कूलर उचलताना देवराव दुकानातच बसला तो उठला नाही. छातीत पाणी झालं होतं, हृदय कमजोर. अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात ठेवलं होतं. “डॉक्टर काही चांगलं बोलून नाई राह्यले,” त्या म्हणाल्या. “तुहंच नाव घेते सारखा. पन मले म्हने, त्याले कळवू नको, नव्या नोकरीवरून येईन पोट्टा. मी चोरून लावला फोन.”

किशोरनं फोन ठेवला. मग रडला. मोठ्यानं रडता येईना, कारण समोर माणिकबाई. म्हणून तोंडात उशीचं टोक धरून रडला. हे पाहून रागिणीला कीव आली आणि त्याच वेळी असा संताप आला, की ती उशी त्याच्या डोक्यात घालावी.

“रडून काय राह्यला? ऊठ! दोन तासावर हाय अमरावती.”

“बाबाले इचारतो.”

विचारलं. बाबा म्हणाले, “येडा झाला काय? कुठून आला म्हनून सांगशीन? दर्यापूरचे लोक अधिक संपला का बैठकीले येऊन राह्यले. मी जातो ना रोज देवरावकडे. मी हाय तिथं.”

रागिणीनं फोन ओढून घेतला. “बाबा, तो मानूस मरून राह्यला.”

“कोनी मरत नाई. अन् तू मधात पडू नको. लोकं तोंडात शेन घालतीन माह्या.”

“घालू द्या! लय दिवस टोपीच मिळाली तुमाले, उलसंक शेन बी चाखा!”

पंजाबरावांनी फोन बंद केला. किशोर म्हणाला, “उद्या पाहू, ताई.” उद्या म्हणाला, “आज एजंटाचा फोन येनार हाय. व्हिसा आला तर जाताना भेटूनच जातो.” परवा त्याचं पोट दुखलं. माणूस किती तऱ्हांनी घाबरू शकतो, ह्याचं रागिणीच्या घरी जणू प्रदर्शनच भरलं होतं. आणि दवाखान्यातून रोज सत्यभामाबाईंचा निरोप: आज थोडं बरं आहे, आज ऑक्सिजन लावला, आज पुन्हा तुझं नाव घेतलं. किशोर दर वेळी ‘हो काकू’ म्हणायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा.

शेवटी एका सकाळी खुद्द देवराव बोलला. दोन शब्दांना एक दम.

“काही नाई रे… सत्यभामा उगाच घाबरते. तू काम सोडून येऊ नको. फक्त… व्हिडिओवर तोंड दाखव एकदा.”

किशोरच्या मागं भिंतीवर गोपालच्या दुकानाचं कॅलेंडर होतं, जठारपेठ, अकोला, ठळक अक्षरात. पण कॅलेंडर काढता आलं असतं. त्यानं ते काढलं नाही. “काका, इथं नेट चालत नाई,” म्हणाला.

“बरं… राहू दे मंग.”

रागिणी दारातच उभी होती. तिनं त्याच्या हातातला मोबाइल घेतला, पदरात बांधला आणि म्हणाली, “शर्ट घाल. आता जर ‘बाबाले इचारतो’ म्हनलं ना किशोऱ्या, तर माणिकबाईले बोलावते अन् तुही ओळख करून देते. तोंड दाखव म्हनते तो मानूस, तोंड! किडनी नाई मागितली तुले!”

किशोरनं शर्ट घातला.

एसटीत दोघंही डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा गुंडाळून बसले. जूनच्या तोंडावर वऱ्हाडात सगळेच असे बांधून फिरतात, त्यामुळे चोर कोण, साव कोण कळायची सोय नाही. मूर्तिजापूर आल्यावर रागिणीनं सुनावलं, “खरं सांगायचं. माह्यासमोर सांगायचं. तो तुले दोन शिव्या देईन, अन् जवळ घेईन. मी ओळखते काकाले.”

“अन् बाबा?”

“बाबाले मी पायते.”

तिला खरंच वाटत होतं, की खरं सांगितलं की झालं. कधी सांगितलं, ह्यालाही काही किंमत असते हे तिच्या गावी नव्हतं.

वॉर्डात पंखे गरम हवा फिरवत होते. देवराव कडेच्या खाटेवर उशांना टेकून बसला होता, निम्मा उरलेला. बाजूच्या स्टुलावर पंजाबराव, इथेही पहिल्या रांगेत, टोपीसकट. किशोरनं तोंडावरचा दुपट्टा सोडला तसे ते अर्धे उठले, आणि चेहऱ्यावरचा रंग पार उडाला.

पण देवराव! त्याच्या तोंडावर जे आलं ते पाहून रागिणी जागच्या जागी थांबली.

“अबे… आला?” त्यानं दोन्ही हात पुढं केले. “सत्यभामा, पाय, आला! तिथून आला!”

सत्यभामाबाईंनी किशोरच्या तोंडावरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. आजूबाजूच्या खाटांवरची माणसं माना वळवून पाहू लागली. देवराव त्यांना सांगत होता, धाप लागली तरी सांगत होता, “माहा पोट्टा होये. मस्कतवरून आला. माह्यासाठी.”

आणि पंजाबराव! गेलेला रंग असा परत आला, की विचारू नका. ते उठून उभेच राहिले. “मीच म्हनलं त्याले,” ते सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं बोलले. “नोकरी गेली खड्ड्यात. काका पहिला. विमानानं आला, सरळ!”

रागिणी बापाला सुनावायला पुढं झाली. पण तिनं देवरावकडे पाहिलं. तो किशोरचा हात दोन्ही हातांत धरून बसला होता आणि हसत होता. आणि ही सबंध वाट ‘खरं सांग, खरं सांग’ म्हणून भावाच्या मागं लागलेली बाई, तिनं भावाकडे पाहून हळूच मान हलवली. नको. राहू दे. सांगू नको.

किशोरनं ती मान पाहिली. पण आयुष्यात पहिल्यांदाच, तेही बापासमोर, तो कुणाचंही ऐकणार नव्हता, आणि नेमका मुहूर्त त्यानं हा काढला.

“किती येळ लागला रे यायले?” देवरावनं विचारलं.

“दोन तास, काका.”

“विमानाले?”

“एसटीनं आलो. अकोल्यावरून. मी गेलोच नाई काका. व्हिसा आला नाई. तवापासून ताईकडेच होतो.”

“अबे, उन्हानं डोकं फिरलं त्याचं,” पंजाबराव म्हणाले आणि हसले. कुणी हसलं नाही.

देवराव हात धरूनच होता. “मी फोन करत होतो… तवा बी?”

“हो.”

“आज सकाळी बी?”

“हो काका.”

“अन् काहून नाई आला?”

“लाज वाटली.”

“कोनाची?” देवरावनं विचारलं. “माही?”

पंजाबराव सलाईनच्या बाटलीत किती उरलं ते पाहू लागले. टोपी-दुपट्ट्यांच्या गर्दीत ज्या एकट्या माणसानं व्हिसा हातात आला का म्हणून विचारलं होतं, त्याच्यापासूनच हे सगळे मिळून पोरगा लपवत होते. आणि लपवून मिळवलं काय, तर दर्यापूरचा एक कप चहा.

देवरावनं धरलेला हात सोडला. रागानं नव्हे, काम झाल्यावर पाना खाली ठेवावा तसा.

“जाय बाप्पा आता,” तो म्हणाला. “तुहं विमान सुटन.”

मग त्यानं मान भिंतीकडे वळवली आणि पाणी मागितलं. पेला रागिणीच्याच हाताजवळ होता. तिनं लगबगीनं भरला, त्याच्या तोंडाशी नेला, म्हणाली, “घ्या काका.”

देवरावनं एकदा तिच्याकडे पाहिलं. बरा हाय काका, चांगला जेवते, असं सांगणारा आवाज तो ओळखत होता. त्यानं ओठ मिटून घेतले. रागिणी पेला धरून उभी राहिली, हात दुखेपर्यंत. शेवटी सत्यभामाबाई उठल्या, त्यांनी तो पेला तिच्या हातातून घेतला, आणि मग तो पाणी प्यायला.